जन्माला घातलंत, आता सांभाळणार कोण?

पॅट्रिशिया पिचिनिनी ह्या ऑस्ट्रेलियन शिल्पकार बाईच्या, माणूस आणि प्राणी ह्यांची सरमिसळ केलेल्या शिल्पांबद्दल मेलबर्नमध्ये फिरून फिरून दोनच मतं ऐकायला मिळतात आणि मला आता दोन्हींचा कंटाळा आलाय. पहिलं म्हणजे 'शी, काय हे, ह्याला कला म्हणायचं का, आणि वर आमच्या टॅक्सच्या पैशातून?' आणि दुसरं, जरा वाचन असलेल्या मंडळींचं, की 'अहो तुम्हाला कळलं नाही, ती जेनेटिक इंजिनिअरिंगच्या धोक्याबद्दल सावध करतेय.' पहिलं मत निदान प्रामाणिक तरी आहे. दुसरं ऐकलं की वाटतं ह्यांनी शिल्प बघितलं की नुसतीच शेजारची पाटी वाचली? धोक्याची घंटाच वाजवायची होती तर बाईने भयंकर काहीतरी केलं असतं, दात विचकणारं, अंगावर येणारं. तिचे प्राणी तर अंगावर येत नाहीत, ते दमलेले असतात, कुणाला तरी पाजत असतात, कुणाच्या तरी मांडीवर झोपलेले असतात. धोका दाखवायला असलं पात्र कोण निवडेल?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९६५ चा, सिएरा लिओनमधल्या फ्रीटाऊनचा, १९७२ मध्ये कुटुंब ऑस्ट्रेलियात आलं, आधी कॅनबेऱ्यात आर्थिक इतिहास शिकली (हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे) आणि मग मेलबर्नला येऊन पेंटिंग. सिलिकॉन, फायबरग्लास आणि खरे केस वापरून ती असे प्राणी उभे करते जे कुठेच नाहीत पण ज्यांच्या कातडीवरचे तीळ, सुरकुत्या, निळसर शिरा बघून वाटतं की हे आत्ता श्वास घेतील. २००३ मध्ये व्हेनिस बिएनालेला (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन) ऑस्ट्रेलियाच्या दालनात तिचं प्रदर्शन होतं. तिथून जगभर गाजलेलं शिल्प म्हणजे २००२ चं 'द यंग फॅमिली': एक डुकरिणीसारखी, पण हातापायांनी आणि चेहऱ्याने बरीचशी माणसासारखी मादी कुशीवर पडलीये आणि पिल्लं तिला लुचतायत. ते आता इथून दीडेकशे किलोमीटरवरच्या बेंडिगोच्या आर्ट गॅलरीच्या संग्रहात आहे. ह्याच शिल्पाचा फोटो वर्षानुवर्षं ईमेलवर आणि नंतर मोबाईलवर 'डुक्कर आणि माणसाचा संकर, शास्त्रज्ञांचा प्रताप' म्हणून फिरत राहिला, तुमच्याही एखाद्या ग्रुपवर कधीतरी येऊन गेला असेल, खाली हात जोडलेले इमोजी आणि 'घोर कलियुग'.

तर माझं म्हणणं असं. हे प्राणी बनवावेत की बनवू नयेत हा प्रश्न ह्या शिल्पांमध्ये नाहीच. त्यांची गोष्ट त्याच्या पुढे सुरू होते. बनवून झालंय, जीव समोर पडलाय, त्याला भूक लागते, थंडी वाजते, आता त्याचं कोण बघणार? १८१८ मध्ये मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाईन' ही कादंबरी छापून आली तेव्हापासून आपण त्यातून एकच बोध घेतोय की माणसाने देव बनायला जाऊ नये, पण कथा नीट आठवा, त्यातला व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन नावाचा पोरगा जीव निर्माण करतो ही एक गोष्ट, आणि त्या जिवाने डोळे उघडताच घाबरून खोलीतून पळून जातो ही दुसरी, पुढचा सगळा रक्तपात ह्या दुसऱ्या गोष्टीमुळे होतो. त्या बिचाऱ्याला तर शेवटपर्यंत नावसुद्धा कोणी ठेवत नाही. पिचिनिनी स्वतः मुलाखतींमधून हेच सांगत आली आहे की चूक निर्मितीत कमी आणि टाकून देण्यात जास्त होती. त्यामुळे तिच्या प्रदर्शनाला 'विज्ञानविरोधी' म्हणून डोक्यावर घेणारे आणि 'विज्ञानविरोधी' म्हणून झोडपणारे, दोघंही भलत्याच दारावर थाप मारतायत.

आणि हे सगळं काल्पनिक आहे म्हणून सोडून द्यायचं म्हटलं तर तेही जमत नाही. पग बघा. २००३ च्या त्या मोबाईलच्या जाहिरातीनंतर आपल्याकडे घरोघरी पग आले, पुण्यामुंबईच्या उन्हाळ्यात घोरत, धापा टाकत, कारण त्याचं नाक माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून करून इतकं आत दाबलंय की त्याला धड श्वास घेता येत नाही. आपल्याला तो 'क्यूट' वाटावा म्हणून एका जिवाचा श्वास कमी केला, आणि हे कुठल्या प्रयोगशाळेत नाही झालं, शौकिनांच्या घरात झालं. ब्रॉयलर कोंबडी घ्या, साधारण सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जाते, कित्येकींचे पाय ते वजन पेलत नाहीत, आणि ज्या कोंबड्यांपासून पुढची पिल्लं मिळवायची त्यांना मुद्दाम मोजून मापून कमी खायला घालावं लागतं कारण पोटभर दिलं तर त्या स्वतःच्याच वजनाने आजारी पडतील. खाणं मिळालं तर मरेल असा प्राणी आपण तयार केलाय. सांगा बरं, ह्याच्यापुढे पिचिनिनीची कल्पना किती सौम्य आहे?

किंवा अजून जवळचं. आपल्याकडची संकरित गाय, एचएफ नाहीतर जर्सी. दूध वाढलं, डेअऱ्या उभ्या राहिल्या, कितीतरी घरं त्यावर चालली, ह्याला मी नावं ठेवणार नाही, माझं स्वतःचं शिक्षण अर्धं दुधाच्या पगारावर झालंय. पण तिला गोऱ्हा झाला की त्याचं काय करायचं ह्याचं उत्तर त्या योजनेत कुठेच नव्हतं. संकरित गोऱ्हा आपल्या उन्हात औताला फारसा टिकत नाही, त्यात ट्रॅक्टर आले, आणि २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी असल्याने विकायचा रस्ताही बंद, मग तो कुठे जातो हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच बोलत नाही. आता कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याच्या, कृत्रिम रेतनासाठीच्या कांड्या आल्यात, म्हणजे प्रश्न जन्मायच्या आधीच मिटवायचा. मी 'द यंग फॅमिली'समोर उभा राहिलो तेव्हा मला डीएनए वगैरे काही आठवलं नाही, आमच्या गोठ्यामागचा दावणीला न बांधलेला गोऱ्हा आठवला.

डुकराचंच बघायचं तर, ते शिल्प झाल्यावर वीस वर्षांनी, ७ जानेवारी २०२२ ला अमेरिकेत बाल्टिमोरला, जनुकांमध्ये दहा बदल केलेल्या डुकराचं हृदय एका माणसाला बसवलं. तो माणूस साधारण दोन महिने जगला. २०२४ च्या मार्चमध्ये बोस्टनला अशाच डुकराची किडनी बसवली गेली. हे वाईट झालं असं मी अजिबात म्हणत नाहीये, डायलिसिसवर आठवड्यातून तीनदा जाणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन बघा आणि मग बोला. पण त्या बातम्यांवर आमच्या मित्रमंडळात दोन-दोन तास चर्चा झाली, धर्माला चालेल का, खर्च किती, आपल्याकडे कधी येणार, सगळं झालं, आणि ज्या डुकराच्या छातीतून ते हृदय आलं त्याचा विषय एकदाही निघाला नाही. तो विषय वीस वर्षं आधी कुशीवर पडून राहिलेला होता, बेंडिगोत.

आता विरोधी बाजूचं. सगळ्यात मोठा आवाज असतो तो पैशाचा. २०१३ मध्ये कॅनबेऱ्याला शंभर वर्षं झाली म्हणून पिचिनिनीकडून एक हॉट एअर बलून करून घेतला, 'स्कायव्हेल', ३४ मीटर लांब, कासवासारखा चेहरा आणि दोन्ही बाजूंना लोंबणारे प्रचंड दहा स्तन. साधारण तीन लाख डॉलर खर्च झाला आणि गावात नुसता गदारोळ. वाढदिवस राजधानीचा आणि आकाशात हे? करदात्याने पैशाचा हिशोब मागणं मी शंभर टक्के योग्य मानतो, कलेच्या नावाखाली काहीही खपतं ही तक्रार उगाच नाही होत. फक्त एक गंमत बघा, हिशोब मागणाऱ्याचा सूर नेहमी दिसण्यापासून सुरू होतो आणि मग पैशावर येतो. फटाके उडवून त्याहून जास्त पैसे अर्ध्या तासात धूर केले तर इतकी पत्रं कोणी लिहीत नाही. हे आजचं नाहीये. बाराव्या शतकात, ११२५ च्या आसपास, क्लेअरव्होच्या बर्नार्ड नावाच्या साधूने मठांच्या खांबांवर कोरलेल्या अर्धमानव, एका धडाला अनेक डोकी असलेल्या, चार पायांना सापाची शेपटी लावलेल्या प्राण्यांवर जाम भडकून लिहिलं होतं. त्याचा शेवट काय माहितीये? ह्या मूर्खपणाची लाज वाटत नसेल तर निदान खर्चाची तरी वाटू द्या! नऊशे वर्षं झाली, माणसं बदलली, भाषा बदलली, तक्रारीचा क्रमसुद्धा तोच. आणि त्याच बर्नार्डने जाता जाता हेही कबूल केलंय की हे प्राणी इतके ओढून घेतात की साधू पोथी वाचायच्या ऐवजी दिवसभर हेच बघत बसतील. म्हणजे बाबा स्वतः बराच वेळ बघत उभा होता तर.

पुढे काय झालं ते सांगायचं तर २०१९ मध्ये स्कायव्हेल नॅशनल गॅलरीला भेट म्हणून मिळाला, गॅलरीने पिचिनिनीकडून त्याला जोडीदार करवून घेतला, 'स्कायव्हेलपापा', पिल्लांना कवटाळलेला बाप, आणि २०२१ मध्ये दोघं एकत्र उडाले तेव्हा भल्या पहाटे थंडीत गावातले लोक पोरंबाळं घेऊन मैदानावर. ब्राझीलमध्ये तर तिच्या प्रदर्शनाला इतकी गर्दी झाली की २०१६ सालच्या समकालीन कलेच्या प्रदर्शनांत गर्दीच्या बाबतीत ते जगात पहिलं आलं. पण हा मुद्दा मी फार ताणणार नाही, कारण गर्दीने कला चांगली ठरत असती तर प्रत्येक मॉलचा ख्रिसमस ट्री संग्रहालयात ठेवावा लागला असता. गर्दीवरून एवढंच कळतं की 'सामान्य लोकांना असलं काही कळत नाही, आवडत नाही' हे सामान्य लोकांच्या वतीने बोलणाऱ्यांनी जरा जपून बोलावं.

आपल्या मराठी मंडळींचा आक्षेप मात्र वेगळा असतो आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतात, आपल्याकडेही मिश्र प्राणी आहेत की, नरसिंह आहे, गंडभेरुंड आहे, कितीतरी गडांच्या दरवाजांवर शरभ आहेत, जंजिऱ्याच्या दरवाजावर पंजांत हत्ती दाबून धरलेलं ते जनावर आहे, देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख आहे, पण त्या सगळ्यांना अर्थ आहे, कथा आहे, हजार वर्षांची परंपरा आहे. ह्या बाईच्या मनात आलं आणि तिने सिलिकॉन ओतलं, ह्याला काय आधार? खरंय. परंपरेतल्या शिल्पाला बघणारा आधीच अर्धं उत्तर घेऊन आलेला असतो, वेरूळच्या पंधराव्या लेण्यात हिरण्यकशिपूवर झेपावणारा नरसिंह बघताना कोणाला पाटी लागत नाही, आणि एकट्या कलावंताकडे हे भांडवल नसतं, ती नेहमीच शून्यातून सुरू करते. त्या अर्थाने तिचं काम अवघडही आहे आणि कच्चंही.

पण आपल्या त्या प्राण्यांकडे जरा निरखून बघा. शरभ म्हणजे काय, तर सिंहाची ताकद, पक्ष्याचे पंख, हत्तींना पायाखाली घेईल असा आवेश. गंडभेरुंड म्हणजे एका चोचीने भागत नाही म्हणून दोन. अॅसिरियन राजवाड्यांच्या दरवाजांवरचे ते पंखवाले माणूसतोंडे बैल, तेही तसेच. जगभर सगळीकडे मिश्र प्राणी घडवताना माणसाने एकाची शक्ती दुसऱ्याच्या शक्तीत मिळवली, कारण तो प्राणी दरवाजावर बसून शत्रूला दम देणार होता, राजाचा दरारा वाढवणार होता. पिचिनिनीची बेरीज उलटी आहे. डुकराची असहायता अधिक माणसाचं म्हातारपण अधिक तान्ह्या पोराची पातळ कातडी. हे प्राणी कुठल्याही दरवाजावर बसवता येणार नाहीत, चोर हसेल. आणि मला वाटतं त्यामुळेच ते आपल्याला झोंबतात, आपल्याला मिश्र प्राण्यापुढे घाबरायची आणि हात जोडायची सवय आहे, त्याचं आजारपण काढायची नाही. परंपरेचा आधार नाही म्हणणाऱ्यांना हा परंपरेशी केलेला इतका सरळ वाद दिसत नाही ह्याचं मला आश्चर्य वाटतं.

(जाता जाता, 'हे विकृत आहे' म्हणताना आपण जरा इतिहास आठवावा. एकोणिसाव्या शतकात रस्किनसारखा बडा इंग्रज कलासमीक्षक भारतीय कलेबद्दल म्हणाला होता की हे लोक माणूस काढत नाहीत, आठ हातांचा राक्षस काढतात. त्याच्या आधी तीनशे वर्षं युरोपातले प्रवासी आपल्या देवांना सैतान म्हणून रंगवत होते. तोच चष्मा आता आपण घालून दुसऱ्याच्या कामाकडे बघायचं?)

आता जो आक्षेप मला खरोखर रात्री झोपताना छळतो तो. एकोणिसाव्या शतकात 'फ्रीक शो' असायचे, शरीराने वेगळी असलेली माणसं तिकीट लावून दाखवायचे. जुलिया पास्त्राना नावाची मेक्सिकोची बाई, सगळ्या अंगावर आणि चेहऱ्यावर केस, तिला तिच्या नवऱ्यानेच युरोपभर दाखवत फिरवलं, १८६० मध्ये मॉस्कोत बाळंतपणानंतर ती वारली, बाळही गेलं, आणि नवऱ्याने दोघांचीही शरीरं मसाला भरून परत तिकीट लावून दाखवली. तिला मातीत जायला २०१३ साल उजाडावं लागलं. हे माहीत असताना पिचिनिनीच्या 'द कम्फर्टर' ह्या २०१० च्या शिल्पासमोर, जिथे अशीच सर्वांगावर केस असलेली एक मुलगी बसलीये, तिकीट काढून उभं राहायचं आणि आपण फार सुसंस्कृत काहीतरी करतोय असं मानायचं, हे जमतं का? अपंगत्वावर काम करणारे लोक म्हणतात की खऱ्या माणसांच्या शरीरावरून उचललेलं वेगळेपण 'काल्पनिक प्राणी' म्हणून विकायचं ही त्याच तंबूची सुधारून वाढवलेली आवृत्ती आहे. ह्याला 'इथे जिवंत माणूस नाहीये, सिलिकॉन आहे' हे उत्तर पुरत नाही. प्रतिमा कुठून आली ते विसरता येत नाही.

माझं उत्तर नजरेत आहे. तंबूत पास्त्राना लोकांकडे तोंड करून उभी केली जायची, नाचायची, गायची, तिचं असणंच बघणाऱ्यासाठी होतं. 'द कम्फर्टर'मधली मुलगी तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. तिच्या हातात एक छोटा, धड चेहरा नसलेला मांसल गोळा आहे आणि ती त्याच्यात गुंग आहे, तुम्ही आलात काय गेलात काय. पिचिनिनीची बहुतेक शिल्पं अशीच आहेत, डुकरीण कुठेतरी लांब बघतेय, 'द लाँग अवेटेड'मधला मुलगा बाकावर त्या समुद्रगायीसारख्या म्हाताऱ्या जिवाला टेकून गाढ झोपलाय. आपण तिथे आगंतुक असतो, दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यासारखे, आणि म्हणून आपोआप आवाज खाली येतो. तंबूत आवाज वर जायचा. तरीसुद्धा मी हा आक्षेप पूर्ण खोडला असं म्हणणार नाही, कारण ज्याच्या शरीरावरून ही प्रतिमा आली त्याने ठरवायचं की पुरेसा फरक पडला का, मी नाही.

दुसरा दमदार आक्षेप: हे सगळं फार गोड आहे. ओले डोळे, गुबगुबीत पाय, लहान मुलं, कोणाचं काळीज वितळणार नाही? पाच मिनिटं कळवळायचं, फोटो काढायचा आणि कॅफेत जाऊन फ्लॅट व्हाईट प्यायची. हा आक्षेप काही शिल्पांपुरता अगदी बरोबर आहे, तिच्या काही कामांत मलाही खेळण्यांच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. २०२१ ला मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या वरच्या मजल्यावरचा तो १९८५ पासून बंद असलेला बॉलरूम उघडून तिथे तिचं प्रदर्शन लावलं होतं, तेव्हा पडक्या भिंतींनीच निम्मं काम केलं असं माझं मत आहे. पण 'अनडिव्हायडेड' बघितलं की गोडवा अर्ध्या रस्त्यात आंबट होतो. पलंगावर एक लहान मुलगा झोपलाय आणि त्याला मागून कवटाळून एक प्राणी, पाठीवर पिशव्या असलेला. हा प्राणी आधी तिने दुसऱ्याच कामासाठी कल्पिला होता, क्वीन्सलंडमधल्या केसाळ नाकाच्या उत्तरी वोंबॅटची (बिळात राहणारा, पोटाशी पिशवी असलेला गुबगुबीत प्राणी) पिल्लं वाढवायला. एकेकाळी चाळीसच्या आत उरलेली ही जात. तर वोंबॅट वाचवायला म्हणून बनवलेला मदतनीस आता माणसाच्या पोराच्या अंथरुणात आहे. प्रेमाने आलाय का? एकटा पडला म्हणून? पोराच्या आईला हे माहीत आहे का? हे बघून ज्याला नुसतं गोड वाटलं त्याने परत एकदा बघावं.

ती स्वतःच्या हाताने करत नाही, स्टुडिओतले कारागीर करतात, ह्या आक्षेपावर मी एकच म्हणेन, पेणला जाऊन या. साचा एकाचा, रंग दुसऱ्याचा, डोळ्यांची आखणी तिसऱ्याची, आणि मूर्ती कोणाची हा वाद तिथे कोणी घालत नाही. पुढे.

त्या वोंबॅटवर मात्र अजून थोडं थांबायला हवं, कारण इथे शिल्प आणि वास्तव एकमेकांना टोमणा मारतात. धोक्यात आलेल्या प्राण्यांना काल्पनिक मदतनीस देण्याच्या ह्याच मालिकेत तिने व्हिक्टोरिया राज्याचा मानाचा पक्षी हेल्मेटेड हनीइटर, त्याच्यासाठी एक 'बॉडीगार्ड' बनवलाय, दणकट दातांचा, जो पक्ष्याचं रक्षणही करेल आणि झाडाला चावे घेऊन त्याला चीकही काढून देईल. हास्यास्पद वाटतं ना? खऱ्या आयुष्यात त्या वोंबॅटला वाचवायला काय केलं तर २००२ मध्ये वीसेक किलोमीटरचं कुंपण घातलं, रानकुत्रे आत येऊ नयेत म्हणून. साधं कुंपण. झाडं तोडू नका, जमीन सोडा, कुंपण घाला, पण ह्यात कोणाला मथळा मिळत नाही. उलट टास्मानियन टायगर बघा (वाघ नव्हे, पाठीवर पट्टे असलेला कुत्र्यासारखा प्राणी), १८८८ पासून १९०९ पर्यंत सरकारने एकेका जनावरामागे बक्षीस देऊन तो मारवला, शेवटचा १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणीसंग्रहालयात मेला, आणि २०२२ मध्ये मेलबर्नच्या विद्यापीठाला सोबत घेऊन एका अमेरिकन कंपनीने जाहीर केलं की आम्ही तो परत आणणार. त्याच कंपनीने २०२५ मध्ये राखाडी लांडग्याच्या जनुकांत वीस बदल करून पांढरीशुभ्र पिल्लं दाखवली आणि म्हणाले हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला 'डायर वुल्फ' परत आला. परत आला कुठे? जंगल तर नाहीये त्याचं. तो एका कुंपणातला नवा, काल्पनिक, सुंदर प्राणी आहे, आणि तो सुंदर आहे म्हणून त्याला 'घोर कलियुग' कोणी म्हणत नाही, मासिकाच्या कव्हरवर छापतात. किळस हा नीतीचा निकष मानला की असं होतं, दिसायला वाईट ते पाप आणि दिसायला छान ते विज्ञान.

एवढी बाजू घेतल्यावर माझंही तिच्याशी एक भांडण आहे आणि ते ह्या दोन्ही गटांपैकी कोणीच करत नाही. तिच्या शिल्पांत प्राणी असतो, मूल असतं, कधी आई असते, पण ज्याने तो प्राणी बनवला तो कधीच नसतो. ना प्रयोगशाळा, ना कंपनी, ना मंत्री. सांभाळण्याचा प्रश्न थेट माझ्यासारख्या बघणाऱ्याच्या गळ्यात, जणू त्या डुकरिणीला मी जन्माला घातलं. १९८८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत हार्वर्डला एका उंदरावर पेटंट मिळालं, ज्याला कॅन्सर व्हावा म्हणूनच तो तयार केला होता, म्हणजे तिथे मालक कागदावर नाव-पत्त्यासकट हजर होता. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने त्याच उंदराला २००२ मध्ये पेटंट नाकारलं, आपल्या भारतातल्या कायद्यातही प्राण्यावर पेटंट देता येत नाही, म्हणजे जगात ह्या प्रश्नावर खरोखरची, निकाल लागणारी भांडणं झालीयेत आणि त्यात मालकाला पिंजऱ्यात उभं केलं गेलंय. आर्थिक इतिहास शिकलेल्या बाईला हे ठाऊक नसणार असं कसं म्हणायचं? तरी तिच्या गॅलरीत मायेची कमतरता कधीच नसते आणि पावती मात्र कधीच दिसत नाही. बनवणाऱ्याला एकदा तिने बसवावं, सुटाबुटात, सिलिकॉनचा, तीळ आणि सुरकुत्यांसकट, त्या पिल्लांच्या शेजारी, हातात मालकीचे कागद. मग त्या शिल्पाला पैसे कोण देतो आणि खर्चावरून ओरड कोण करतो, ते बघायला मी तिकीट काढून जाईन.